कंपास म्हणजे नक्की काय: पेटी, वर्तुळ काढायचं साधन की होकायंत्र?

तुम्ही विचारलंय की दप्तरातली पेटी, वर्तुळ काढायचं दोन पायांचं साधन आणि जहाजावरचं दिशा दाखवणारं यंत्र या तिघांना एकच ‘कंपास’ कसा पुरतो, आणि यातलं बरोबर कोणतं. बरोबर तिन्ही आहेत. गंमत म्हणजे यात जी पेटी आगंतुक वाटते, तिचंच या यंत्राशी सगळ्यात जुनं नातं आहे. ते पुढे सांगतो.

मी भाषांतरं तपासतो. एकदा एका सागरी कादंबरीच्या भाषांतरात वाक्य आलं: ‘कप्तानाने खिशातून कर्कटक काढले आणि उत्तर दिशा पाहिली.’ कर्कटक म्हणजे तर वर्तुळ काढायचं साधन! मी हसून लाल पेन चालवलं. दोन पानांनंतर तोच कप्तान नकाशावर ‘होकायंत्र टेकवून’ बंदराचं अंतर मोजत होता! भाषांतरकाराने दोन्हीकडे शब्दकोश उघडला होता, फक्त दोन्ही वेळा चुकीच्या ओळीवर बोट पडलं होतं. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच, म्हणून हा घोटाळा.

मुळात कंपास हा शब्द दिशेचा नाहीच, पावलांचा आहे. लॅटिनमध्ये ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये जे क्रियापद आलं, त्याचा अर्थ मोजणं, पावलं टाकत मोजणं. समुद्राच्या नकाशावर अंतर मोजताना हा अर्थ अजूनही डोळ्यांना दिसतो. नकाशाच्या उभ्या कडेला अक्षांशांची पट्टी असते. तिथला एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्या पट्टीवर साधनाचे दोन पाय पाच मैलांइतके फाकवायचे, मग मार्गाच्या रेषेवर एक टोक टेकवायचं, दुसरं पुढे, मग मागचं उचलून अर्धं गिरकावून त्याच्याही पुढे. चिमटीत धरलेलं ते साधन अक्षरशः ढांगा टाकत बंदरापर्यंत जातं. शेवटची ढांग अपुरी पडली की पाय जवळ घ्यायचे आणि तेवढा तुकडा परत पट्टीवर नेऊन वाचायचा. (या कामाला दोन्ही टोकं अणकुचीदार लागतात. पेटीतला विभाजक तो हाच. शाळेत त्याने बाकावर नावं कोरण्यापलीकडे आम्ही फारसं काही केलं नाही.)

फ्रेंचांनी पावलांचा अर्थ जपला. त्यांच्याकडे ‘कोंपा’ म्हणजे वर्तुळाचं साधन, दिशेच्या यंत्राला ‘बुसोल’ हा वेगळा शब्द. स्पॅनिशमध्ये ‘कोंपास’ म्हणजे वर्तुळाचं साधन, शिवाय संगीतातला ठेका. पावलावरून ठेक्याकडे जाणं मला फार आवडतं. जर्मन मात्र वर्तुळाच्या साधनाला ‘त्सिर्केल’ म्हणतात आणि ‘कोंपास’ दिशेसाठी राखतात. पूर्व जर्मनीच्या झेंड्यावर हातोड्यासोबत होता तो हा त्सिर्केल. कष्टकऱ्यांचा हातोडा, बुद्धिजीवींचा त्सिर्केल. त्याला होकायंत्र समजलात तर चिन्हाचा अर्थच जातो.

इंग्रजीत ‘कंपास’ला घेर, वर्तुळ, आवाका असेही अर्थ चिकटले. दिशांची बत्तीस घरं दाखवणाऱ्या गोल तबकडीला हे नाव पडलं ते या गोलपणामुळेच असावं, असं मला वाटतं.

आता आपले शब्द. कर्कटक म्हणजे मूळचा खेकडा. कर्क राशीतला कर्क तोच. साधनाचे दोन पाय फाकवून पाहा, नाव कुणी का दिलं ते विचारावं लागणार नाही. कैवार हाही वर्तुळ काढायच्या साधनाचाच शब्द. ‘कैवार घेणे’ इतकं रुळलंय की आज नुसतं कैवार म्हटलं तर समोरचा विचारतो, कुणाचा?

होकायंत्रातला ‘होका’ अरबी ‘हुक्का’वरून आला, आणि हुक्का म्हणजे डबी. गुडगुडीचा हुक्का तिचाच भाऊ. सुई ठेवायची ती डबी, म्हणून यंत्राचं नाव डबी. इटालियन ‘बुसोला’ म्हणजेही छोटी पेटी, फ्रेंच ‘बुसोल’ तिथलीच. म्हणजे खलाशांनी ठिकठिकाणी यंत्राला पेटीच म्हटलं. आपल्या पोरांनी ‘कंपासपेटी’तली पेटी गाळून ‘माझी कंपास कुठंय?’ केलं, तेव्हा त्यांनीही नकळत तेच केलं. माझ्या कानाला तर पेटी ‘ती कंपास’ आणि आतलं साधन ‘तो कंपास’ असंच येतं.

आकाशातही ही जोडी आहे. निकोला लुई द लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपला बसून दक्षिणेचे तारे मोजले आणि नवे तारकासमूह मांडले. त्यात सर्किनस हा वर्तुळाचा कंपास, अल्फा सेंटॉरी या ताऱ्याच्या शेजारी. आणि पिक्सिस हे होकायंत्र. ग्रीकमध्ये ‘पिक्सिस’ म्हणजे काय? पेटी!

भाषांतरात मी इतकंच बघतो: वाक्यात अंतर किंवा वर्तुळ असेल तर कैवार नाहीतर कर्कटक, दिशा असेल तर होकायंत्र, गायकाच्या आवाजाबद्दल असेल तर पल्ला. ‘नैतिक होकायंत्र’ (इंग्रजीतलं ‘मॉरल कंपास’) दिसलं की मात्र खोडतो. सदसद्विवेकबुद्धी हा शब्द लांब असेल, पण आपला आहे.

आणि हो, फोनमधल्या ॲपला कंपासच म्हणा. त्यात पेटी नाही, फिरणारी सुईही नाही, चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप असते. ती बिनसली की फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतात. चुंबक लावलेलं कव्हर असेल तर आधी ते काढा.