आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी: आधी भरतीचं वेळापत्रक, मग नकाशा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन मोठी माणसं, दोन मुलं, सात दिवस हाताशी. किनाऱ्याने साधारण नऊशे किलोमीटर जायचं, रोज नवा मुक्काम. किनारपट्टीवर गाडी चालवायची ही पहिलीच वेळ. हे जमेल का?

जमेल, पण ती सहल राहणार नाही, नुसती ने-आण होईल. अंतर निम्म्यावर आणा, मुक्काम सहावरून तीनवर आणा. कारण सांगतो.

किनारी रस्त्याला खाड्या आडव्या येतात. पलीकडचं गाव पाण्यावरून दोन किलोमीटरवर दिसतं आणि खाडीला वळसा घालून गेलं तर पंचवीस-तीस किलोमीटर पडतं. खाडी नसेल तिथे कडा, आणि कडा म्हणजे वळणं. नकाशाचं ॲप जो वेळ दाखवतं तो न थांबता चालवल्याचा. किनाऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी 'थांब, थांब' म्हणतंच, आणि त्यासाठीच तर निघालोय. म्हणून ॲपच्या वेळेची दीडपट धरा. चाकामागे दिवसाला तीन तास, फार तर चार. अंतरात सांगायचं तर ऐंशी ते शंभर किलोमीटर. पहिला दिवस पोचण्यात आणि शेवटचा परतण्यात जातो, राहिले पाच. म्हणजे चारशे-साडेचारशे किलोमीटरचा किनारा भरपूर झाला. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड जेमतेम 243 किलोमीटरचा, पण एका दिवसात उरकायला गेलेले लोक समुद्रातल्या त्या प्रसिद्ध खडकसुळक्यांपाशी दिवस कलताना पोचतात. आयर्लंडचा वाइल्ड अटलांटिक वे सुमारे 2,500 किलोमीटरचा आहे. आठवड्यात त्याचा एखादा तुकडाच नीट बघून होतो.

मुक्काम दोन-दोन रात्रींचे तीन. रोज सामान बांधणं, उतरवणं, नवी जागा शोधणं यात दिवसाचे दोन तास सहज जातात. मुलं बरोबर असली तर अडीच. मधल्या दिवशी गाडी रिकामी घेऊन आजूबाजूला फिरा. आगाऊ नोंदणी पहिल्या मुक्कामाची आणि शनिवार-रविवार ज्या मुक्कामात येतो त्याची नक्की करा. गर्दीचा हंगाम नसेल तर तिसरा मुक्काम मोकळा ठेवला तरी चालतो, हवा बिघडली तर तोच उपयोगी पडतो.

नकाशावर किनारी रस्ता आखताना त्याला समांतर जाणारा आतला मोठा रस्ताही आखा. मग या दोघांना जोडणारे आडरस्ते खुणेने दाखवा. चित्र शिडीसारखं दिसेल, आणि शिडीच्या या पायऱ्याच तुमची सुटका. कडे ढासळतात, दरडी येतात, पूल बंद होतात. कॅलिफोर्नियाच्या हायवे वनवर मे 2017 मध्ये मड क्रीकपाशी अख्खा डोंगरउतार समुद्रात उतरला आणि तो पट्टा जुलै 2018 पर्यंत बंद होता. केप टाऊनजवळचा चॅपमन्स पीक ड्राइव्ह दगड पडण्याच्या भीतीने अधूनमधून बंद ठेवतात. रोज सकाळी निघण्याआधी त्या भागाच्या रस्ते खात्याची सूचना बघायची. बंद असेल तर कुठल्या पायरीवरून आत वळायचं आणि कुठल्या पायरीने परत बाहेर यायचं, हे आधीच ठरलेलं असावं. ही शिडी मोबाइलमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण कड्यांच्या आडोशाला रेंज जाते आणि नेमकी तिथेच गरज पडते. इंधनाची टाकी निम्मी झाली की भरायची. कड्यांच्या पट्ट्यात पंप विरळ असतात.

दिशा कुठली धरायची हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही, आणि फरक मोठा आहे. जिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे समुद्र डावीकडे राहील अशा दिशेने जा. उजव्या बाजूने चालत असतील तर समुद्र उजवीकडे. मग दृश्य बघायच्या जागा तुमच्याच बाजूला येतात, समोरच्या वाहतुकीला छेद देऊन वळावं लागत नाही. म्हणून ग्रेट ओशन रोडवर पश्चिमेकडे आणि हायवे वनवर दक्षिणेकडे जाणं सोयीचं. याची दुसरी बाजू म्हणजे ऊन. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून चालवायची वेळ येत असेल तर सूर्य थेट डोळ्यांत येतो. त्यात वाऱ्याने उडालेल्या खारट तुषारांचा पातळ थर काचेवर बसलेला असतो, तो एरवी दिसत नाही, पण समोरून ऊन आलं की सगळी काच पांढरी होते. कोरडा वायपर फिरवलात तर चरे पडतील. काच धुवायच्या टाकीत पाणी भरलेलं हवं आणि काच आतूनही पुसलेली हवी.

आता भरती-ओहोटी. नवखे लोक हिला शेवटी ठेवतात, माझ्या मते तिच्यापासूनच आखणी सुरू व्हावी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी नऊला ओहोटी असेल तर सातव्या दिवशी ती दुपारी दोनच्या आसपास येईल. म्हणजे खडकांतली डबकी बघणं, पुळणीवरून लांब चालत जाणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळी ठेवायचं आणि पुढे दुपारकडे सरकवायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं: पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. (भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती नावापुरतीच असते, काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच येते. म्हणून तक्ता त्याच जागेचा हवा, शेजारच्या बंदराचा नको.)

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. सहा तासांत ते ढोबळमानाने बाराव्या हिश्शांनी चढतं: पहिल्या तासात 1, मग 2, 3, 3, 2, 1. समजा ओहोटी आणि भरतीत 3.6 मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी 30 सेंटिमीटर चढेल, तिसऱ्या तासात 90. पुळण इतकी सपाट असेल की पन्नास मीटरला एक मीटर चढ, तर त्या एका तासात पाण्याची कड 45 मीटर आत येते. पहिल्या तासात ती फक्त पंधरा मीटर सरकली होती, म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि कड्याच्या पायथ्याशी, वळणापलीकडच्या लहान पुळणीवर अडकतो. अशा जागी ओहोटीच्या तासभर आधी जायचं आणि ओहोटीच्या वेळेला परत फिरायचं. पाणी चढायला लागल्यावर पुढे जायचं नाही.

पाण्याखाली जाणारे रस्तेही असतात. फ्रान्समधला पासाज द्यू ग्वा साधारण ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास एवढाच वापरता येतो, इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा बुडतो. सुरक्षित वेळ तिथे पाटीवर लिहिलेली असते, तरी गाड्या अडकतातच. 'पाणी आत्ताच तर आलंय, घोट्याएवढंच आहे' हा हिशोब करू नका. आणि छापील तक्ता उन्हाळी वेळेसाठी (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात) दुरुस्त केलेला आहे का ते बघा. अनेक तक्ते प्रमाणवेळेत असतात, तिथे सरळ एका तासाची चूक होते. हवेचा दाब घसरला किंवा वारा किनाऱ्याकडे जोरात असला तर पाणी तक्त्यापेक्षा वर चढतं.

फेरीबोट वाटेत असेल तर शेवटच्या फेरीवर दिवस टेकवू नका. त्याच्या आधीची पकडायची असं ठरवा, वारा वाढला की शेवटची आधी रद्द होते. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि खाली बसक्या गाडीचा बंपर घासतो. सावकाश, थोडं तिरकं चढवा. बोटीवर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि गाडीला झुकाव ओळखणारा अलार्म असेल तर तो बंद करा, नाहीतर हेलकाव्याने तो वाटभर वाजतो.

पुळणीवर गाडी उतरवायची का? पहिल्या सहलीत नाही. साध्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचं ते काम नव्हे, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात वाळूवरचं नुकसान बहुधा धरलेलंच नसतं. तरी वाहनतळाच्या कडेला चाक मऊ वाळूत रुतलंच, तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाक फिरत राहिलं की स्वतःच खड्डा खणतं, गाडीचं पोट वाळूवर टेकतं आणि मग ओढूनच काढावी लागते. सगळे खाली उतरा. चारही चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने उपसा, पोटाखालचीही. टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. पायपुसण्या ताकदीच्या चाकांखाली खोचा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि ज्या चाकोरीतून आत आलात तिच्यातूनच मागे काढा. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही, पायपुसणी गोळीसारखी उडते. पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा भरेपर्यंत हळू चालवा. हवा भरायचा छोटा पंप डिकीत असला तरच हे सगळं करायचं.

पोहण्याबद्दल एकच गोष्ट नीट शिकून घ्या: आत ओढणारा प्रवाह ओळखणं. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा गडद, शांत, कमी फेसाचा दिसतो. नवख्याला तीच जागा पोहायला बरी वाटते. तिथूनच पाणी परत समुद्रात जात असतं. वर वाहनतळावरून पाच मिनिटं बघितलं तर हा पट्टा स्पष्ट दिसतो, खाली उतरल्यावर दिसत नाही. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या. जिथे लाल-पिवळे झेंडे आहेत तिथे त्या दोन झेंड्यांच्या मध्येच, मुलं तर नक्कीच. खडकांवर बसायचं असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं लाटा बघा. दूरच्या वादळाच्या लाटा लख्ख उन्हातही येतात, आणि मोठी लाट बऱ्याच वेळाने एकदाच येते. खडक ओला असेल तर तिथे पाणी पोचतंय, एवढं समजा.

थंड पाण्याच्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात सकाळी धुकं असतं. कड्यांचा पट्टा तिथे दहा-अकरानंतर ठेवा. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर, वरचा झोत लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते.

बारीकसारीक: जोराच्या वाऱ्यात गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा, पाठीमागून आलेला वारा दार बिजागरीतून पिळतो. बाजूच्या काचेतून त्वचा काळवंडणारे किरण बऱ्यापैकी आत येतात, समुद्राकडच्या हाताला सनस्क्रीन लावा. मुलांना वळणांवर मळमळत असेल तर मोबाइल काढून घ्या आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा, सुदैवाने ते समोरच असतं. अरुंद एकेरी रस्त्यावर बाजूला काढलेल्या रुंद जागा समोरच्याला वाट देण्यासाठी असतात, फोटोसाठी नाही. सामान डिकीत निघण्यापूर्वीच टाका, दृश्याच्या जागी पोचल्यावर सगळ्यांसमोर नको.

परत आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा, वरून कमी आणि खालून जास्त: चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, पोट. समुद्राजवळ रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर तांबूस थर दिसतो आणि सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. ती आपोआप जाते. चौथ्या-पाचव्या ब्रेकनंतरही राहिली तर मात्र वाळूचा खडा पॅडमध्ये गेलेला असू शकतो, तेव्हा चाक उघडून बघून घ्या.