वय १७, बारावीत आहे. घरचे काउन्सेलरकडे नेणार आहेत. आत नक्की काय करतात? आणि सगळं आई-बाबांना सांगतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुझ्या वयाच्या मुलांच्या पोटात गोळा येतो तो त्याचाच. मी पुण्यात समुपदेशक आहे, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं अकरावी ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली असतात.

तू अठराच्या आत आहेस, त्यामुळे संमतीची सही पालकांची. पण सही केली म्हणून आतला शब्दन् शब्द त्यांच्या कानावर घालायचा असं नसतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. व्यवहारात आम्ही पालकांना ढोबळ कल्पना देतो: झोपेवर काम चाललंय, परीक्षेची धास्ती आहे, घरी मार्कांचा विषय जरा कमी काढा. ब्रेकअप झालं, बाबांचा राग येतो, क्लास बुडवून टेकडीवर बसतोस, हे सहसा आतच राहतं.

अपवाद आहेत. तुझ्या जिवाला धोका दिसला तर घरी सांगावंच लागतं. तू दुसऱ्या कुणाला इजा करशील असं वाटलं, तरीही गप्प बसता येत नाही. आणि अठराखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच दिवशी, आई-बाबा शेजारी बसलेले असतानाच विचार, "तुम्ही घरी काय काय सांगता?" उत्तर त्यांनीही ऐकलेलं बरं. नाहीतर गाडीत बसल्या बसल्या "काय विचारलं रे?" सुरू होतं.

आत सिनेमातल्यासारखा कोच वगैरे नसतो. दोन-तीन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा. पहिली काही मिनिटं सगळे एकत्र, मग पालक बाहेर. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इथे यायचं कोणी ठरवलं?" तोंड पाडून "आईने" म्हणणारी मुलं मला आवडतात, निदान खरं बोलतात. त्यानंतर झोप, भूक, मित्र, मोबाइल, अभ्यास, घरातलं वातावरण. काही ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं याला प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. ती परीक्षा नव्हे, चांगलं दिसायला म्हणून कमी गुण लावू नकोस.

"जीव द्यावासा वाटतो का?" असंही सरळ विचारतील. दचकू नकोस, आम्ही सगळ्यांनाच विचारतो. विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट ज्याच्या मनात असतं त्याला बोलायला वाट मिळते.

खरं काम पुढच्या भेटींत. आठवड्यातून एकदा, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. समज, क्लासच्या टेस्टमध्ये कमी मार्क पडले आणि तू दोन दिवस पुस्तक उघडलं नाहीस. आम्ही मधली पायरी शोधतो: मार्क बघितल्या क्षणी मनात काय आलं? "माझं काही होणार नाही." मग हे वाक्य तपासायचं. कशावरून? मागच्या टेस्टचं काय? हेच मित्राला झालं असतं तर त्याला काय म्हणाला असतास? आठवडाभर अशा नोंदी मोबाइलमध्ये करून आणायच्या. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणारी उपचारपद्धत, म्हणतात ती बरीचशी हीच. कंटाळवाणी वाटते, पण नोंदी आणणाऱ्यांची गाडी लवकर पुढे सरकते, हा माझा अनुभव.

सुरुवातीच्या एखाद्या भेटीनंतर उलट जड वाटतं, रडू येतं. असं होतं. टेस्टच्या आदल्या संध्याकाळची वेळ मात्र घेऊ नकोस.

गोळ्यांची भीती वाटत असेल तर सांगते, समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. गरज वाटली तर सायकिॲट्रिस्टकडे पाठवतात.

माणूस नीट पारखून घे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, ती विचारायला लाजू नकोस. समुपदेशकाची पाटी लावणाऱ्याचं शिक्षण काय तेही विचार. आणि जो "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणून प्रवचन देईल, तो बदल. तीन-चार भेटींनंतरही मोकळं बोलता येत नसेल तर तसं तोंडावर सांग. चांगला समुपदेशक रागावत नाही, दुसऱ्याचं नाव सुचवतो.

ऑनलाइनही चालतं, फक्त वन बीएचकेत भिंतीला कान असतात. माझे काही जण गच्चीवरून बोलतात, एक पार्किंगमधल्या गाडीत बसतो. फीचा प्रश्न असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नाममात्र पैशांत काम होतं, थांबावं मात्र लागतं. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एखादी रात्र अवघड गेली तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.