विहीर आटली, खदानीमुळे की पावसामुळे?

प्रश्न : आमचं वावर सावनेर तालुक्यात आहे. थोडी संत्र्याची बाग, बाकी कपाशी. विहीर ४२ फूट. आधी भर मे महिन्यात मोटर तीन तास चालायची, आता एप्रिलमध्येच तासाभरात फूटवॉल (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) उघडा पडतो. खालून भूमिगत खदानीचं काम गेलं आहे. तिथल्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, ‘आमच्या पिझोमीटरमध्ये (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायच्या नळीत) पाणी बरोबर आहे, तुमच्याकडे पाऊस कमी झाला असेल.’ खरं कोणाचं मानायचं?
— एक शेतकरी, ता. सावनेर, जि. नागपूर

उत्तर : भाऊ, दोघांचंही खरं असू शकतं, आणि पंचाईत तिथेच आहे. तुमची विहीर आणि त्यांची नळी, दोन वेगळी पाणी दाखवत असतील. आपल्याकडे वर काळी माती, मुरूम, कुठे ट्रॅपचा काळा दगड. त्याखाली कामठीचा वालुकाश्म (हो, आपल्या कामठीवरूनच हे नाव पडलं). आणि आणखी खाली बराकर थरात कोळसा. या वालुकाश्मांच्या मधेमधे चिकणमातीचे पट्टे असतात. ४२ फुटांच्या विहिरीत वरचं पाणी येतं, खदान खालचं उपसते. आणि उपसावंच लागतं, नाहीतर कामगार उभा कुठे राहणार? पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीतलं पाणी तर शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरायला घेतलं होतं. मधला चिकणमातीचा पट्टा शाबूत असेल, तर खाली पाणी कितीही उतरलं तरी वरच्या विहिरीला लवकर पत्ता लागत नाही.

म्हणून ‘पिझोमीटरमध्ये किती पाणी आहे’ हे नंतर विचारा. आधी विचारा, नळीला भोकं किती खोलीवर पाडलीत, आणि त्यांच्या वर बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) सीलबंदी केली आहे का. सील नसेल तर वरचं पाणी नळीच्या बाजूने खाली झिरपतं आणि वाचन ना वरचं राहतं ना खालचं. खरं तर एकाच जागी दोन नळ्या हव्यात, एक उथळ आणि एक खोल. खदानीच्या हद्दीजवळ एकच नळी ठोकून गावभराच्या विहिरींचा निकाल लावणं मला कधीच पटलं नाही.

चित्र बदलतं ते डिपिलरिंग सुरू झाल्यावर. आधी कोळशाचे खांब सोडून गाळे काढतात, तेव्हा छत उभं असतं. मग खांब काढत मागे येतात आणि छत पडू देतात. पडलेल्या छताच्या वर भेगा चढत जातात. त्या मधल्या पट्ट्यातून आरपार गेल्या की वरचं पाणी खाली धावतं. अशी विहीर हळूहळू नाही, काही आठवड्यांत उतरते, कधी ऐन पावसाळ्यातसुद्धा. वावरात फिरून भेगाही बघा. पण काळी माती उन्हाळ्यात कुठेही फाटते. ती भेग जाळीसारखी असते आणि चांगला पाऊस झाला की मिटते. जमीन खचल्याची भेग लांब, सलग जाते, धुरा तोडून पलीकडच्या वावरात शिरते, एक काठ खाली बसलेला असतो आणि पावसानंतरही ती दिसते. दिसली तर तारखेसह फोटो काढा. जवळ जाऊ नका, बैलही तिकडे चरायला सोडू नका.

आता तुमच्या पत्रातली अडचण. मोटर किती वेळ चालली हा पुरावा होत नाही. पंप बदलला, गाळ साचला तरी वेळ बदलतो. पातळी मोजा, तीही सकाळी, रात्रभर मोटर बंद ठेवून. शेजाऱ्यालाही तेवढी एक रात्र थांबवा. स्टीलच्या टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू घासा आणि टेप विहिरीत सोडा. काठावर खूण केलेल्या एकाच जागी पुरा आकडा धरा, समजा १२ मीटर. वर काढल्यावर खडू ८५ सेंटीमीटर भिजलेला दिसला, तर पाणी खुणेपासून ११.१५ मीटरवर. काठ जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच असेल तर ते वजा करून १०.५५. हे वजा करायचं राहिलं की पुढे तुमच्या आणि खदानीच्या आकड्यांचा मेळ बसत नाही.

कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत सहसा मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत पातळी मोजायची अट असते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे समोरासमोर ठेवता येईल. खदानीपासून दोन-तीन किलोमीटर लांबची, तशाच दगडातली एखादी विहीरही मोजा. दोन्ही उतरल्या तर पाऊस किंवा उपसा तपासा. वरुड-मोर्शीकडे खदान नसताना संत्र्याच्या खोल बोअरांनी पाणी पाताळात नेलंच ना! तुमचीच उतरली आणि नोव्हेंबरमध्येही भरली नाही, तर बोट खदानीकडे जातं.

त्यांची वाचनंही मागून घ्या. मंजुरीच्या अटी किती पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. खाण सरकारी कंपनीची असेल तर माहिती अधिकारही चालतो. मागताना नुसती सरासरी नको; प्रत्येक नळीची खोली, तारीख, वाचन आणि त्या महिन्यात कोणत्या पॅनेलमध्ये (खाणीच्या कोणत्या भागात) डिपिलरिंग चालू होतं, एवढं मागा. मग हे सगळं घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जा. त्यांच्या स्वतःच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची जुनी वाचनं बघायला मागा.

प्रश्न : जवळची खदान बंद झाली. बोअरला पाणी वाढलं, पण भांड्यावर पांढरं बसतं आणि भरून ठेवलेलं पाणी तासाभरात पिवळं पडतं. प्यावं का?
— एक वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तपासल्याशिवाय नको. उपसा थांबला की रिकाम्या गाळ्यांत पाणी भरत वर येतं आणि येताना दगडातले क्षार घेऊन येतं. पांढरं बसतं ते कडकपणामुळे, पिवळं पडतं ते बहुतेक लोहामुळे. प्रयोगशाळेला विरघळलेले क्षार, कडकपणा, सल्फेट, लोह आणि फ्लोराइड तपासायला सांगा. पिण्याच्या पाण्यात सल्फेटची मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. फ्लोराइड कोणत्याही परिस्थितीत १.५ च्या वर नको. पण यवतमाळ जिल्ह्यात ते खदान नसलेल्या गावांतही दगडातूनच येतं, त्याचं खापर लगेच खदानीवर फोडू नका. नमुना घेताना बोअर दहा मिनिटं वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोचवा. अहवाल येईपर्यंत प्यायला दुसरीकडचं पाणी आणा. भांडी-कपड्यांना हे चालेल.