‘जलसमाधी मिळाली’ : बुडालेल्या युद्धनौकेसाठी हा शब्द चालेल का?

प्रश्न असा आलाय, की दुसऱ्या महायुद्धावरच्या एका मराठी मजकुरात “जपानी विनाशिका शिगुरेला जानेवारी १९४५मध्ये जलसमाधी मिळाली” असं वाक्य आहे, आणि विचारणाऱ्याला ते खटकलं. समाधी तर साधुसंत घेतात, टॉर्पेडो लागून बुडालेल्या जहाजाला कसली समाधी?

आधी ‘विनाशिका’चं सांगून टाकतो. डिस्ट्रॉयरला, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजाला, मराठीत विनाशिका हा शब्द वर्तमानपत्रांत चांगला रुळलाय, आपल्या नौदलाच्या बातम्यांतही तोच येतो, हिंदीत विध्वंसक म्हणतात ते आपण घ्यायची गरज नाही. तिथे काही अडचण नाही.

आता जलसमाधी. शब्द सुटा बघून उपयोग नाही, पुढे क्रियापद कुठलं येतं त्यावर सगळं आहे. घेणे, देणे आणि मिळणे. समाधी ‘घेतात’ ती आपल्या इच्छेने, ज्ञानेश्वरांनी आळंदीला घेतली तशी, रामाने शरयूत जलसमाधी घेतली असं आपण लहानपणापासून ऐकतो. समाधी ‘देतात’ ती आपल्याच माणसांनी, संन्यासी गेला की त्याचा देह नदीत सोडायचे, ती जलसमाधी देणं. आणि ‘मिळाली’ हे बहुतेक करून पेपरातलं मराठी, त्यात ज्याने केलं तो वाक्यातून गायबच होतो.

गंमत म्हणजे जपानी नौदलाच्या इतिहासात तिन्हीची उदाहरणं आहेत आणि म्हणूनच मला हा प्रश्न आवडला. पॅसिफिक महासागरात अमेरिकेशी झालेल्या मिडवेच्या लढाईत जून १९४२मध्ये हिर्यू ही विमानवाहू नौका पेटली तेव्हा ॲडमिरल यामागुची तामोन आणि नौकेचा कॅप्टन काकू तोमेओ दोघांनी खलाशांना उतरवलं आणि स्वतः मात्र जहाजावरच राहिले. यांनी जलसमाधी घेतली असं म्हणा, शब्द नेमका बसतो. आपल्याकडे डिसेंबर १९७१च्या युद्धात खुकरी ही भारतीय युद्धनौका बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल, पण खुकरी या जहाजाबद्दल नाही, तिला तर पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने बुडवलं.

त्याच मिडवेला अकागी ही दुसरी विमानवाहू नौका वाचवता येण्यासारखी राहिली नव्हती, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जपानच्याच विनाशिकांनी तिच्यावर टॉर्पेडो सोडले, त्यात अराशी आणि हागिकाझे होत्या. आपल्याच लोकांनी, नाइलाजाने, आदेश घेऊन. इथे ‘जलसमाधी दिली’ म्हटलं तर मला अजिबात खटकणार नाही.

पण याच अराशी आणि हागिकाझेचं पुढे काय झालं बघा, कारण तिथे शिगुरे येते. ऑगस्ट १९४३, ६ तारखेची रात्र, सॉलोमन बेटांमधलं वेला आखात. हागिकाझे, अराशी, कावाकाझे आणि शिगुरे अशा चार विनाशिका कोलोंबांगारा बेटाकडे सैनिक आणि रसद घेऊन चालल्या होत्या. अमेरिकन विनाशिकांनी रडारवर त्यांना पकडलं आणि अंधारातून टॉर्पेडो सोडले, पुढच्या तिघी बुडाल्या, हजाराहून जास्त माणसं गेली. शिगुरेची इंजिनं थकलेली, त्यामुळे ती मागे रेंगाळत होती, तिच्यावर तेव्हा हारा तामेइची हे जपानी नौदल अधिकारी होते, त्यांनी नंतर लिहिलंय की एक टॉर्पेडो तिच्या सुकाणूला भोक पाडून न फुटता निघून गेला. त्या तिघींसाठी ‘जलसमाधी मिळाली’ लिहायचं? जहाजात खच्चून भरलेले सैनिक होते हो, त्यांनी काही घेतलं नव्हतं आणि त्यांना आपल्या कुणी काही दिलंही नव्हतं.

शिगुरे पुन्हा एकदा अशीच एकटी परतली. २५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधली सुरिगाव सामुद्रधुनी, ॲडमिरल निशिमुरांच्या तुकडीत यामाशिरो आणि फुसो या दोन बॅटलशिप, मोगामी क्रूझर आणि चार विनाशिका, एकूण सात जहाजं, त्यातली शिगुरे सोडून बाकी सगळी गेली. (मोगामीला शेवटी आकेबोनो या जपानी विनाशिकेनेच टॉर्पेडो मारून बुडवलं, म्हणजे परत ‘दिली’.) जपानी नौदलात म्हणायचेच, कुरेची युकिकाझे आणि सासेबोची शिगुरे (कुरे आणि सासेबो हे जपानचे नौदल तळ), या दोन नशीबवान विनाशिका. युकिकाझे युद्ध संपेपर्यंत टिकली. शिगुरे नाही. २४ जानेवारी १९४५ला हाँगकाँगहून सिंगापूरकडे निघालेल्या टँकरच्या ताफ्याला संरक्षण देत असताना मलायाच्या पूर्वेला सयामच्या (आताच्या थायलंडच्या) आखातात ब्लॅकफिन या अमेरिकन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. ३७ जण गेले, २७० वाचले.

म्हणून विचारणाऱ्याला माझं उत्तर असं, की ‘जलसमाधी मिळाली’ हे चूक नाही, बुडणे या अर्थाने ते इतकी वर्षं छापलं जातंय की आता कोशातून काढता येणार नाही, धरणात गेलेल्या गावांसाठीही आपण तेच वापरतो. पण या वाक्यात मी ते ठेवणार नाही. समाधी म्हटलं की शांतपणा येतो, संमती येते, आणि ब्लॅकफिन वाक्यातून निघून जाते. कोकणातली जुनी माणसं बोलताना काय म्हणतात ते आठवा, १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट गेली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि ज्यांच्या घरातली माणसं त्यात होती ते म्हणतात “रामदास बुडाली”. समाधीबिमाधी काही नाही. बुडाली.

आणि बुडाली, बुडवली यातला फरक मराठीला फुकट मिळालाय, तो वापरायला हवा. वादळाने, लाटेने, खडकाने गेली तर बुडाली. कुणी मारून घालवली तर बुडवली. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली असंच आपण म्हणतो, तिला जलसमाधी मिळाली असं कुणी म्हणत नाही, कारण त्यामागे माणसं होती हे आपल्याला विसरायचं नसतं.

तेव्हा ते वाक्य असं करा: “जपानी विनाशिका शिगुरे २४ जानेवारी १९४५ रोजी सयामच्या आखातात अमेरिकन पाणबुडी ब्लॅकफिनने टॉर्पेडो मारून बुडवली, तिच्यावरचे ३७ जण मरण पावले.” टॉर्पेडोऐवजी पाणतीर लिहायचं असेल तर तेही चालेल, छान शब्द आहे, फक्त मग सगळ्या लेखात तोच ठेवा.