ई. कोलायमध्ये डीएनए प्रतिकृतीची दुसरी फेरी लगेच का सुरू होत नाही?

तुमचा प्रश्न असा: डीएनए-ए हे प्रथिन पुरेसं साठलं की प्रतिकृती सुरू होते असं पुस्तकात दिलंय, मग ते प्रथिन ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत असताना लगेच पुन्हा सुरुवात का होत नाही? शंका अगदी रास्त आहे. प्रथिन असतंच, पण त्याने धरलेल्या एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) एडीपी (एक फॉस्फेट तुटल्यावर उरलेलं रूप) झालेला असतो. आणि हा बदल घडवून आणते ती प्रतिकृती करणारी यंत्रणाच.

गुणसूत्रावर ओरि-सी ही सुमारे 245 बेसजोड्यांची जागा आहे, प्रतिकृती सुरू होते ती इथूनच. एटीपी धरलेले डीएनए-एचे रेणू तिथे एकमेकांना बिलगून साखळी करतात आणि शेजारचा ए-टी जास्त असलेला पट्टा उकलतो. एडीपी धरलेले रेणू काही जागांवर बसतात, पण त्यांना तो पट्टा उकलता येत नाही. पुढे डीएनए-सी या प्रथिनाच्या मदतीने दोन धागे वेगळे करणारं डीएनए-बी हेलिकेज चढतं, मग नव्या धाग्याची छोटी सुरुवात करून देणारं प्रायमेज, मग तो धागा वाढवत नेणारं पॉलिमरेज.

पॉलिमरेज सुटू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा बीटा क्लॅम्प डीएनएभोवती असतो, दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखा. एक तुकडा पूर्ण झाला की पॉलिमरेज पुढे जातं, क्लॅम्प मात्र काही काळ मागेच राहतो. त्याला एचडीए नावाचं प्रथिन येऊन चिकटतं, आणि ही जोडी डीएनए-एला त्याच्याकडचा एटीपी तोडायला लावते. क्लॅम्प नुसता पेशीत तरंगत असेल तर हे होत नाही, तो डीएनएवर चढलेलाच लागतो. म्हणजे प्रतिकृती सुरू झाल्याशिवाय तिला आवर घालणारी यंत्रणा चालूच होऊ शकत नाही. या विषयात मला याहून देखणं काही वाटत नाही! एचडीए काढून टाकलेल्या पेशींमध्ये ओरि-सीवर गरजेपेक्षा जास्त वेळा सुरुवात होते.

पण एटीपी तुटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी सुरुवात होऊ नये म्हणून सेक-ए हे प्रथिन आहे. ओरि-सीमध्ये जीएटीसी हा क्रम 11 वेळा येतो. प्रत निघाल्या निघाल्या जुन्या धाग्यावर मिथाइल गट (एक छोटी रासायनिक खूण) असतो, नव्यावर नसतो. अशा अर्धवट जागा सेक-ए घट्ट धरून ठेवतं, पेशीचक्राच्या साधारण एक तृतीयांश काळ. तोवर डीएनए-एला तिथे साखळी करता येत नाही. पुढच्या फेरीसाठी गुणसूत्रावरच्या डार्स नावाच्या जागा डीएनए-एकडचा एडीपी सोडवतात आणि त्याला पुन्हा एटीपी धरता येतो.

एक दुरुस्ती मात्र करून घ्या. ‘एका पेशीत एका वेळी एकच फेरी’ हे खरं नाही. पूर्ण प्रतीला सुमारे 40 मिनिटं लागतात, तर चांगल्या पोषणात पेशी 20 मिनिटांत दुप्पट होते. म्हणून आधीची फेरी चालू असतानाच पुढची सुरू होते आणि पेशीत एकाहून जास्त ओरि-सी असतात. प्रत्येक ओरि-सी एका पेशीचक्रात एकदाच आणि जवळपास एकाच वेळी सुरू होणं, हा तो नियम.

हे सगळं ई. कोलायचं. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूमध्ये एचडीए आणि सेक-ए दोन्ही नाहीत. तिथे याब-ए हे प्रथिन डीएनए-ए आणि क्लॅम्प दोघांनाही चिकटतं, पण एटीपी तोडायला लावत नाही; डीएनए-एचे रेणू एकमेकांच्या आधाराने डीएनएवर बसतात, तेच ते रोखतं. शिवाय बीजाणू बनवायची वेळ आली की सिर-ए हे वेगळंच प्रथिन डीएनए-एला धरतं आणि नवी फेरी थांबवतं.