तोलेदोला एका दिवसासाठी जातोय, मोठ्या कॅथेड्रलशिवाय एखादं छोटं जुनं चर्च बघण्यासारखं आहे का?

तुम्ही लिहिलंय की माद्रिदहून एका दिवसाची तोलेदो ट्रिप आहे, आईबाबा सोबत आहेत, कॅथेड्रल होईलच पण एखादं छोटं, गर्दी नसलेलं चर्च हवंय, हे 'मुदेहार' प्रकरण नक्की काय असतं ते पण समजून घ्यायचंय, आणि रेनेसाँ काळातलं (म्हणजे युरोपात जुनी ग्रीक-रोमन शैली परत रुळली तेव्हाचं) काम पण बघायचंय. तर माझं उत्तर एकच, सान रोमान. बाकी काही राहिलं तरी चालेल पण हे सोडू नका. मी दोनदा गेलोय, दुसऱ्यांदा आईला घेऊन, त्यामुळे गुडघेदुखी वगैरे सगळ्याचा अनुभव आहे.

आधी मुदेहार. 1085 साली कास्तिल्याच्या ख्रिस्ती राजाने, आल्फोन्सो सहाव्याने, तोलेदो घेतलं, त्याआधी साडेतीनशेच्या वर वर्षं तिथे मुसलमानांचं राज्य होतं. राज्य बदललं म्हणून गवंडी थोडेच बदलतात? विटा रचणारे तेच, चुन्याची नक्षी करणारे तेच, लाकडी छत बांधणारे पण तेच. ख्रिस्ती राज्यात मागे राहिलेल्या मुसलमानांना मुदेहार म्हणायचे, मूळ अरबी शब्द मुदज्जन, म्हणजे राहू दिलेला, माणसाळलेला, थोडक्यात पाळीव, शब्द काही फार गौरवाचा नाहीये. बांधकामाच्या शैलीला हे नाव नंतर फार उशिरा लागलं, 1859 मध्ये आमादोर दे लोस रियोस नावाच्या अभ्यासकाने एका भाषणात वापरलं आणि तेच चिकटलं. आणि या पद्धतीने बांधणारे सगळे मुसलमानच होते असंही नाही, ख्रिस्ती कारागीर पण तसंच बांधायचे कारण त्या गावात बांधकाम म्हणजे तेच. वीट, ओबडधोबड दगड, चुना आणि लाकूड. तोलेदोत कुठलीही जुनी भिंत बघा, दोन आडव्या विटांच्या थरांमध्ये चौकटीत भरल्यासारखे बारके दगड दिसतील, ती तिथली खास रचना. एकदा ती ओळखता आली की गावभर दिसायला लागते.

आता सान रोमान. गाव टेकडीवर आहे आणि हे चर्च त्यातल्या अगदी उंच भागात. 1221 मध्ये आर्चबिशप रोद्रीगो हिमेनेस दे रादाने याचा अभिषेक केला, हाच माणूस 1212 च्या, मुसलमान फौजेविरुद्धच्या नावास दे तोलोसाच्या लढाईत होता आणि पुढे आत्ताचं मोठं कॅथेड्रल यानेच सुरू करवलं. आता तिथे प्रार्थना होत नाही, आत व्हिसिगॉथ लोकांचं म्युझियम आहे, म्हणजे अरबांच्या आधी जे राज्य करत होते त्यांचं. म्युझियम म्हटलं की लोक कंटाळतात आणि टूरवाले तर तिकडे फिरकतच नाहीत, आपल्या पथ्यावर. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आत आम्ही दोघं, एक जपानी मुलगी वहीत चित्र काढत बसलेली, आणि गार्ड.

आईने दारात चपला काढल्या. मी म्हटलं अगं नको काढू, इथे घालतात, तर म्हणाली देवाचंच ना ते. गार्डने हसून हाताने खूण केली की घाला घाला, तेव्हा कुठे घातल्या. आत पाऊल टाकल्यावर दोन मिनिटं ती गप्प होती आणि मग एकदम मला विचारते, "अरे हे चर्च आहे की मशीद?"

प्रश्न चुकीचा नव्हताच. दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालेसारख्या कमानी, खाली आत वळलेल्या, कोर्दोबाच्या मशिदीचे फोटो बघितले असतील तर तीच जात. (कमान हा आपला शब्द पण फारसीच बरं का, मूळ अर्थ धनुष्य.) त्या कमानींखालचे खांब नीट बघा, एकाला दुसरा मॅच होत नाही. जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे दगड उचलून इथे परत वापरलेत, कुठे खांब आखूड तर कुठे वरचा कोरलेला भाग निराळ्याच मापाचा. आपल्याकडे जुन्या देवळाचे दगड वाड्याच्या पायात किंवा विहिरीच्या कठड्याला सापडतात ना, तसलाच प्रकार, फक्त इथे पायात न गाडता नजरेच्या उंचीवर बसवलेत.

मग मान वर करा. भिंतींवर तेराव्या शतकातली चित्रं आहेत, शतकानुशतकं चुन्याखाली दबली होती, विसाव्या शतकात मोकळी केली. संत आहेत, देवदूत आहेत, शेवटच्या दिवशी थडग्यांवरच्या शिळा सरकवून उठून बसणारे मेलेले लोक आहेत. ती उठणारी माणसं मला फार आवडतात, अगदी सकाळचा गजर वाजल्यावर पांघरूण बाजूला करून उठतो तशीच उठतायत, कुणाच्याच चेहऱ्यावर उत्साह नाही. चित्रांसोबत लॅटिनमध्ये मजकूर आहे. आणि खिडक्यांच्या कमानींभोवती फिरणाऱ्या पट्टीत जी वेलबुट्टी वाटते ती वेलबुट्टी नाहीच, अरबी अक्षरं आहेत! अल्-युम्न वल्-इक्बाल, सुख आणि भरभराट, पुन्हा पुन्हा तेच. चर्चच्या आत, आर्चबिशपच्या नाकावर टिच्चून म्हणावं तर त्याच्याच आशीर्वादाने.

इंटरनेटवर याला लगेच 'सहिष्णुतेचं प्रतीक' वगैरे म्हणून टाकतात, मला ते फार गुळगुळीत वाटतं. तोलेदोतले जुने ख्रिस्ती, ज्यांना मोसाराब म्हणतात, ते घरी दारी अरबीच बोलायचे. राज्य ख्रिस्ती झाल्यावरही सुमारे दोनशे वर्षं त्यांची खरेदीखतं, मृत्युपत्रं अरबीत लिहिली जात होती आणि असे हजाराच्या वर कागद आजही शिल्लक आहेत. म्हणजे त्यांच्या लेखी अरबी ही शत्रूची भाषा नव्हती, कागदपत्रांची आणि चांगल्या वस्तूंवर शोभणारी भाषा होती. मराठी माणसाला हे समजायला काहीच जड जाऊ नये. शिवकाळातली, पेशवाईतली पत्रं काढून बघा, वर 'सुहूर सन' लिहून वर्ष चक्क अरबी आकड्यांत दिलेलं असतं, सलास, अर्बा, खमस, आणि लिहिणारा शेंडी राखलेला कारकून. त्याला विचारलं असतं की बाबा तू अरबी का लिहितोस तर तो म्हणाला असता अरबी कुठंय, ही कागद लिहायची रीत आहे. सान रोमानच्या रंगाऱ्याचंही तसंच असणार असं मला वाटतं. आईला 'इक्बाल' लिहिलंय म्हणून सांगितलं तर तिला एकदम आपला घड्याळ दुरुस्तीवाला आठवला.

आता तुम्हाला रेनेसाँवाला भाग पण बघायचाय म्हणालात. तो शोधावा लागत नाही, समोरच येतो. सोळाव्या शतकाच्या मध्यावर मुख्य वेदीचा भाग नव्याने बांधला, काम आलोन्सो दे कोवारूब्यासचं. त्या काळातला तोलेदोचा सगळ्यात मोठा आर्किटेक्ट, गावात शिरताना जो मोठा बिसाग्रा दरवाजा लागतो त्याचं आत्ताचं रूप याचंच, अल्कासार किल्ल्यातही याचं काम आहे. इथे त्याने जुन्या बुटक्या विटांच्या चर्चच्या टोकाला एक उजळ दगडी घुमट बसवला, आतून चौकोनी खणांचा, कोरीवकामाने भरलेला. काम उत्तम आहे, वाद नाही. पण माझं प्रामाणिक मत सांगू का, मला ते खटकतं. तीन-चारशे वर्षं अंधारात छान मुरलेल्या वाड्यात मधल्या चौकात कुणीतरी संगमरवरी जिना बसवावा तसं वाटतं. आईचं मत बरोबर उलट, तिला तो घुमटच आवडला, म्हणाली बाकी सगळं काळोखं आहे, तिथे उजेड तरी आहे. तुम्ही बघून ठरवा. एक करा मात्र, मधल्या भागात अशा जागी उभे राहा की जवळ नालेची कमान आणि तिच्या पलीकडे तो घुमट असं एका नजरेत येईल, दोन्हींत सव्वातीनशे वर्षांचं अंतर आहे आणि तुमच्यापासून दोन्ही काही पावलांवर.

म्युझियमच्या वस्तूंमध्ये फार अडकू नका, फक्त मुकुट बघा. 1858 मध्ये तोलेदोजवळ ग्वार्रासार इथे व्हिसिगॉथ राजांचे सोन्याचे मुकुट सापडले, डोक्यावर घालायचे नाहीत, चर्चमध्ये साखळीने टांगायचे, देवाला वाहिलेले. आपण देवाला छत्र वाहतो तसं समजा. इथे आहेत त्या प्रतिकृती, रेसेस्विंतो राजाचा खरा मुकुट माद्रिदच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे. त्याला खाली राजाच्या नावाची एकेक सोन्याची अक्षरं लोंबतात, त्यातलं एक 'R' अक्षर पॅरिसच्या म्युझियममध्ये जाऊन बसलंय, अजून आलेलं नाही.

बाहेर आल्यावर बुरूज बघायला विसरू नका, विटांचा, चौकोनी, आंधळ्या (म्हणजे आरपार नसलेल्या, मागे भिंतच असलेल्या) कमानींच्या पट्ट्या असलेला, घंटा नसत्या तर मिनारच वाटला असता. गाईड लोक सांगतात की 1166 मध्ये दहा वर्षांच्या राजा आल्फोन्सो आठव्याच्या नावाची द्वाही इथूनच फिरवली. द्वाही फिरली हे खरं, पण आत्ता दिसतो तो बुरूज त्यानंतरचा आहे, तेव्हा बुरुजाला हात लावून भारावून जाऊ नका, जागेपुरतं भारावलं तर चालेल.

आता कामाचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी सव्वादोनला पोचलो, घामाने निथळत चढ चढून, आणि दार बंद. समोरच्या भिंतीच्या सावलीत बसून सोबतचा खाकरा खाल्ला आणि परत आलो. तिथे दुपारची झोप हा चेष्टेचा विषय नाही, काही लहान ठिकाणं दुपारी बंद असतात, सोमवारीही, तेव्हा वेळा आदल्या दिवशी बघा आणि सकाळीच जा. आईबाबांना सोकोदोवेर चौकातून चालवत आणू नका (या नावाचा अर्थ जनावरांचा बाजार, हे पण अरबीच), चढ आणि गुळगुळीत गोटे दोन्ही वाईट. त्याऐवजी पासेओ दे रेकारेदोच्या बाजूने सरकते जिने आहेत, खालून थेट वर गावात नेऊन सोडतात, तिथून सान रोमान जवळ आहे. नाहीतर स्टेशनवरून सरळ टॅक्सी. बूट रबरी तळव्याचे, आईला सँडल घालू देऊ नका, माझी आई सान क्लेमेन्तेच्या गल्लीत एकदा घसरलीच, थोडक्यात वाचली.

वेळ उरला तर सान साल्वादोर बघा, हे चर्च आधी मशीद होतं, आत एक व्हिसिगॉथ खांब आहे ज्यावर येशूच्या चमत्कारांची चित्रं कोरलीत आणि सगळ्यांचे चेहरे खरवडलेत. तिथून जवळच सांतो तोमे, एल ग्रेकोचं काउंट ओर्गासच्या दफनाचं चित्र तिथे आहे, चित्र ग्रेट आहे पण रांग असते आणि तिकीट फक्त त्या चित्राचं, चर्चचा मुदेहार बुरूज मात्र रस्त्यावरून फुकट दिसतो. 999 मधली छोटीशी क्रिस्तो दे ला लूथ मशीद, जिचं पुढे चर्च झालं, ती पण सुंदर, पण एका दिवसात सगळं कोंबू नका, नाहीतर आईबाबा संध्याकाळी तुमच्याशी बोलायचे नाहीत.

खाण्यात मार्झिपान घ्या, बदाम आणि साखर, मठातल्या नन्स पण करून विकतात. माझ्या आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि निकाल दिला, बदामाची वडी आहे, वेलची विसरलेत.

आणि परतीची ट्रेन असेल तर स्टेशनवर वीस मिनिटं आधी पोचा. माद्रिद अर्ध्या तासावर आहे त्यामुळे सगळे धावतपळत येतात आणि काही न बघता गाडीत बसतात. ते स्टेशन 1919 चं आहे आणि नव-मुदेहार पद्धतीने बांधलंय, विटा, रंगीत टाइल्स, नक्षीचं लाकडी छत, घड्याळाचा मनोरा, सगळं. आम्ही बसलो होतो तिथे आईने जुन्या तिकीट खिडकीवरची जाळी आणि कमान बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "ही बघ, सकाळची कमान. हिच्यावर काय लिहिलंय?" मी जाऊन बघून आलो. काहीच लिहिलेलं नव्हतं.