मरिनातल्या विजेचं बिल

ब्रिटनमधल्या मरिनात, म्हणजे खासगी बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, बोटीवर राहायचा पहिला हिवाळा ना? मग केबल लावायच्या आधी धक्क्यावरच्या खांबावरचं मीटर पाहा आणि आकड्याचा फोटो काढून ठेवा. आधीच्या बोटवाल्याचे युनिट मी एकदा भरलेत! फ्रिजची काळजी करू नका, खिसा कापतो तो हीटर. २ किलोवॅटचा हीटर १० तास चालला की २० युनिट. दर ३० पेन्स धरला तर रात्रीचे ६ पौंड. शिवाय १६ अँपिअरच्या जोडणीवर जेमतेम साडेतीन किलोवॅट मिळतात, हीटर आणि किटली एकदम लावलीत की ब्रेकर पडलाच. दमटपणासाठी हीटर नको, छोटा डिह्युमिडिफायर घ्या. आणि ब्रिटनमध्ये घरगुती वापराची वीज मरिनाला नफा लावून विकता येत नाही, तेव्हा दर बिनधास्त विचारा.